सात पूर्णांक नऊ

पहिल्या वेळी सात पूर्णांक नऊ.
डॉक्टर लेपासारबाईंनी आकड्याखाली रेघ ओढली
आणि मला, काय सांगू, बरंच वाटलं.
वर्षभराच्या थकव्याला एकदाचं नाव मिळालं.
भट्टीसमोर उभ्या-उभ्या लागणारी डुलकी,
मारिकाच्या पाठीवर ठेवलेला
आणि तिथंच विसरलेला हात,
सगळं एका ओळीत, दशांशचिन्हासकट.

दुसऱ्या वेळी बारा पूर्णांक सहा.
"हे तर नॉर्मल," बाई म्हणाल्या.
बरा आहेस ऐकून कुणी हिरमुसतं का?
मी हिरमुसलो.

तिसऱ्या वेळी नऊ पूर्णांक आठ.
ना घरचा, ना घाटावरचा.

"रक्त किती वाजता दिलंत?"
सव्वाआठला. सकाळी, तुम्ही सांगितलंत तसं.
"आणि उठला होतात किती वाजता?"
आदल्या रात्री अकराला, बाई.
एकोणीस वर्षं मी तार्तूला पाव भाजून घालतोय,
तुमचे सव्वाआठ म्हणजे माझी तिन्हीसांज.
बारा पूर्णांक सहा ते जुलैतलं,
सासऱ्यांकडे, सारेमा बेटावर
आठ रात्री माणसासारखा झोपून आलो होतो तेव्हाचं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
जेल असतं, म्हणाल्या, रोज खांद्याला चोळायचं,
वाळेपर्यंत कुणाला बिलगायचं नाही.
मग सहज विचारावं तसं,
"मूल हवंय का तुम्हाला?
कारण बाहेरून यायला लागलं
की आतलं दुकान बंद पडतं. बऱ्याचदा."
मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.
जणू टेबलच घ्यायचं होतं.

रास्मुस बावीस वर्षांचा. पिठाची दोन पोती
एकदम उचलतो आणि वर शीळ घालतो.
त्याच्या मानेकडे मी बघतो, हे कुणाला सांगत नाही.
त्यानं विचारलं, राईचं आंबवण आज किती तास?
मी बोट बुडवून म्हणालो, अजून नाही.
"पण काल तर एवढ्यात झालं होतं."
काल काल होता, पोरा.
एवढं बोलून मी पिंपाशी उभाच राहिलो,
बोट तसंच, चिकट.

घरी चार वाजता अंधार. नदी गोठलेली.
मारिकानं तिन्ही कागद ओट्यावर मांडले
आणि आकडे सोडून तारखा वाचल्या.
"ही बघ. भट्टी बिघडली होती, दोन रात्री तू झोपला नव्हतास.
आणि ही, उर्वेला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची."
भाऊ पुरला त्याचा दुसरा दिवस.
आणि मी बाही वर करून बसलो होतो!

मुलाचं काय, मी विचारलं.
तिनं नळ सोडला, एकच कप बराच वेळ विसळला.
मागच्या खोलीत चार वर्षं इस्त्रीचं टेबल आहे,
आम्ही तिला इस्त्रीची खोली म्हणतो.
"मला तुझा हात परत हवाय," ती म्हणाली,
"कुठून का येईना."
मग नळ बंद करून,
"पण ते दुसरं, ते मी अजून सोडलेलं नाही.
तुला वाटलं सोडलंय?"
हो. मला वाटलं होतं.

मालकाकडून सहा आठवडे दिवसपाळी मागून घेतली.
गल्ल्यावर उभा राहतो, पाव कापून देतो,
गिऱ्हाइकं म्हणतात, उर्मास, तू उजेडात वेगळाच दिसतोस.
फेब्रुवारीअखेर चौथं रक्त.
जेलचं माहितीपत्रक चमच्यांच्या खणात आहे,
फेकलेलं नाही, उघडलेलंही नाही.
चौथा आकडा मला काय सांगणार?
कदाचित परत मधलाच.
आणि खरोखरच कमी निघाला
तर मी आणखी एक मागेन, हेही मला माहीत आहे.

रात्री अकराला डोळे आपोआप उघडतात.
भट्टी नाही, रास्मुसची शीळ नाही.
तिच्या पाठीवर हात ठेवतो
आणि जागाच राहतो,
तो तिथं आहे ना बघत.